तोंडी सौदा: जबान खरी, पण पुरावा कुठे?

कापडाच्या बाजारात आमची तीस वर्षे गेली. या बाजाराचा एक कायदा आहे, तो कोणत्याही पुस्तकात छापलेला नाही. समोरचा व्यापारी फोनवर म्हणतो, "दोनशे तागे पाठवा, भाव कालचाच," आणि इकडे गाठी बांधायला सुरुवात होते. लाखोंचा माल नुसत्या जबानीवर गावोगाव जातो. जो जबान फिरवतो त्याला पुढच्या हंगामात कोणी उधारीवर एक तागाही देत नाही. ही आमच्या बाजाराची कोर्टकचेरी, आणि ती बऱ्यापैकी चालते.

याच सवयीने आम्ही एकदा जागेचा सौदा केला आणि फसलो. ती हकिकत आधी सांगतो, कारण पुढचा सगळा धडा तिच्यातूनच निघाला आहे.

२०११ सालची गोष्ट. मालेगावात आमचे गोदाम भाड्याचे होते आणि सखल भागात होते. मोठा पाऊस झाला की खालच्या थरातील तागे भिजत. दुकानामागे एक गाळा आणि त्याला लागून थोडी मोकळी जागा होती. मालक ओळखीचे, नेहमी सलाम-दुआ होणारे. एका संध्याकाळी चहावर सौदा ठरला. किंमत अठरा लाख. बयाना म्हणून आम्ही दोन लाख रोख दिले. दलाल हजर होता, मालकांचे मेहुणे हजर होते. आम्ही पावतीचा विषय काढला तेव्हा मालक म्हणाले, "भाई, जबान दिली ना? ईद होऊ द्या, मग कागद करू." आम्हीही लाजेने गप्प बसलो. आपल्याकडे कागद मागणे म्हणजे समोरच्याच्या इमानावर शंका घेणे, असा एक समज आहे. तो आम्हाला महागात पडला.

ईद झाली. "पुढच्या महिन्यात" असे दोन-तीनदा ऐकले. बकरीद यायच्या आत कळले की तोच गाळा दुसऱ्या गिऱ्हाइकाने जास्त किमतीला घेतला आणि त्याचे खरेदीखतही नोंदवून झाले. आम्ही तडक वकिलांकडे गेलो. त्यांनी सर्व ऐकून घेतले आणि पाच प्रश्न विचारले. पाचांपैकी एकाचेच उत्तर आमच्याकडे धड होते. दलालाला बोलावले तर तो म्हणाला, "साहेब, इतके सौदे होतात, आकडा नेमका आठवत नाही." मेहुणे तर घरचेच. शेवटी मोहल्ल्यातील बुजुर्ग मध्ये पडले आणि दोन लाख रुपये चार हप्त्यांत, दीड वर्षाने परत आले. गाळा गेला तो गेलाच. पुढचा पावसाळाही त्याच सखल गोदामात काढला.

आमचे शिक्षण उर्दू शाळेत झाले. कायद्याचे मराठी आणि इंग्रजी दोन्ही आम्हाला जड. पण त्या पाच प्रश्नांनंतर आम्ही वकीलसाहेबांच्या ओट्यावर बसून हा विषय समजून घेतला. व्यापारी आणि कारागीर बंधूंना उपयोग व्हावा म्हणून तो येथे मांडत आहोत.

सौदा ठरणे वेगळे, विक्री होणे वेगळे

सर्वात मोठा घोटाळा येथेच होतो. "मी जागा घेतली" असे माणूस म्हणतो तेव्हा त्याने बहुधा जागा घेतलेली नसते, घेण्याचे ठरवलेले असते.

मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ चे कलम ५४ सांगते की शंभर रुपये किंवा त्याहून अधिक किमतीच्या स्थावर मिळकतीची विक्री केवळ नोंदणीकृत दस्तानेच होते. १८८२ साली शंभर रुपये ही मोठी रक्कम होती. आकडा आजही तोच आहे, म्हणजे आज कोणतीही खोली, गाळा वा प्लॉट यात येतो. तेव्हा पूर्ण पैसे दिले, किल्ली घेतली, दोनशे माणसांसमोर मिठाई वाटली, तरी दुय्यम निबंधकांकडे खरेदीखत नोंदवल्याशिवाय मालकी येत नाही. स्टँप पेपरवर नोटरीचा शिक्का मारून घेतला तरी ती नोंदणी नव्हे. मुखत्यारपत्र, करार आणि मृत्युपत्र असे तीन कागद करून जागा 'विकण्याची' जी रीत पडली होती, तिच्याविषयी सुप्रीम कोर्टाने २०११ साली सूरज लॅम्प खटल्यात स्पष्ट सांगितले की अशा कागदांनी मालकी जात नाही.

त्याच कलम ५४ मध्ये पुढे म्हटले आहे की विक्रीचा नुसता करार झाल्याने घेणाऱ्याचा त्या मिळकतीत हक्क किंवा बोजा निर्माण होत नाही. मग करार करून मिळते काय? ठरलेल्या किमतीला खरेदीखत करून द्या, असे मालकाला सांगण्याचा हक्क मिळतो. मालकाने नकार दिला तर दिवाणी कोर्टात करारपूर्तीचा दावा लावता येतो. वकील मंडळी त्याला स्पेसिफिक परफॉर्मन्सचा दावा म्हणतात. त्याचा कायदा म्हणजे १९६३ चा स्पेसिफिक रिलीफ ॲक्ट. म्हणून तोंडी सौद्याचा प्रश्न खरा असा आहे: तोंडी विक्री होत नाही हे नक्की, पण विकण्याचा तोंडी करार कोर्ट बजावून देते काय?

कायदा जबान मानतो

उत्तर आहे: होय, देते. हे ऐकून पुष्कळांना नवल वाटते. इंग्लंडात जमिनीच्या कराराला लेखी पुरावा हवा असा कायदा १६७७ सालीच झाला. आपल्याकडे १८७२ च्या करार कायद्याने तशी सरसकट अट घातली नाही. कलम १० प्रमाणे सज्ञान आणि करारास लायक माणसांनी राजीखुशीने, कायदेशीर मोबदल्यासाठी आणि कायदेशीर कामासाठी केलेला ठराव हा करार होय. एखादा खास कायदा लेखी मागत असेल तरच लेखी लागते. जागा विकण्याच्या साध्या कराराला तशी अट नाही.

१९६८ साली कोल्लिपारा श्रीरामुलु यांच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने आंध्रातील एका सिनेमा थिएटरखालच्या जागेचा तोंडी सौदा मान्य केला. पुढे रीतसर कागद करायचे ठरले होते, एवढ्याने आधी पक्का झालेला सौदा कच्चा ठरत नाही, असे कोर्टाने म्हटले. आलोका बोस यांच्या खटल्यात तर मालकाने एकट्याने सही केलेला कागदही चालतो असे ठरले, कारण मुळात तोंडी करारच चालतो.

पण याच नाण्याची दुसरी बाजू १९९० च्या ब्रिजमोहन विरुद्ध सुग्रा बेगम या निकालात आहे. प्रत्येक व्यापाऱ्याने तो मनात कोरून ठेवावा. कोर्टाने सांगितले की करार लेखीच हवा असे कायदा म्हणत नाही. परंतु जो केवळ तोंडी कराराच्या आधारे दावा लावतो, त्याच्यावर पुराव्याचा भारी बोजा असतो. सौद्याच्या सर्व मूळ अटींवर दोघांचे एकमत पक्के झाले होते आणि पुढचा कागद फक्त उपचार म्हणून बाकी होता, हे त्याने सिद्ध करायचे असते. नाही तर कोर्ट म्हणते, ही बोलणी होती, करार नव्हे.

१ ऑक्टोबर २०१८ पासून स्पेसिफिक रिलीफ ॲक्टमध्ये मोठा बदल झाला आहे. पूर्वी करार सिद्ध झाला तरी पूर्तीचा हुकूम द्यायचा की नाही हे बरेचसे कोर्टाच्या मर्जीवर असे. आता कायद्यातील ठरावीक अपवाद सोडले तर सिद्ध झालेला करार बजावलाच पाहिजे. म्हणजे सगळी लढाई आता 'सिद्ध झाला का' या एका शब्दावर येऊन थांबते. वकीलसाहेबांचे पाच प्रश्न त्यासाठीच होते.

पहिला प्रश्न: नेमकी कोणती जागा?

"दुकानामागचा गाळा" हे आम्हाला आणि मालकाला कळते, न्यायाधीशाला कळत नाही. सिटी सर्व्हे नंबर किंवा गट नंबर, क्षेत्रफळ, चार बाजूंची चतुःसीमा या गोष्टी बोलण्यात निश्चित झाल्या होत्या का? आमच्या सौद्यात मोकळी जागा किती फूट हे कोणी मोजलेच नव्हते. सौद्याआधी सातबारा किंवा मिळकत पत्रिका काढावी आणि तिच्यावर बोट ठेवून बोलावे. शेतजमीन असेल तर आणखी सावध राहावे. महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घ्यायची तर १९४८ च्या कुळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणे परवानगी लागते. परवानगीशिवायचा असा सौदा कोर्टात नेऊन उपयोग होत नाही.

दुसरा प्रश्न: किंमत किती, कधी, कशी?

आम्हाला धड उत्तर देता आले ते याच प्रश्नाच्या पहिल्या भागाचे: अठरा लाख. पण बाकी सोळा लाख किती हप्त्यांत, कोणत्या तारखेला, मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचा खर्च कोणाचा, हे बोललेच नव्हतो. मूळ किंमत ठरली असेल तर लहानसहान बाबी न ठरल्याने करार मोडत नाही हे खरे. पण जितके मोकळे सोडाल तितके समोरच्या वकिलाच्या उलटतपासणीला खाद्य मिळते. "कागद झाल्यावर बघू" हे वाक्य तर फारच धोक्याचे. कागद होईपर्यंत आम्ही बांधील नव्हतो, असा अर्थ मालक त्यातून काढतो.

तारीखही बोलून ठेवावी. 'ईदनंतर' ही तारीख नव्हे. १९६३ च्या मुदतीच्या कायद्यातील अनुच्छेद ५४ प्रमाणे करारपूर्तीचा दावा तीन वर्षांत लावावा लागतो. पूर्ततेची तारीख ठरलेली असेल तर त्या तारखेपासून. ठरलेली नसेल तर मालकाने नकार दिल्याचे कळल्यापासून. मुदत टळली की कितीही खरा सौदा असो, कोर्टाचा दरवाजा बंद.

तिसरा प्रश्न: मालक कोण कोण? सर्वांनी होकार दिला का?

आमच्या समाजात हा सर्वात नाजूक भाग आहे. वडील वारले, उताऱ्यावर अजून त्यांचेच नाव आहे, धंदा थोरला मुलगा पाहतो आणि सौदाही तोच करतो. पण शरीअतप्रमाणे वारसा वडिलांच्या मृत्यूच्या क्षणी उघडतो. आई, बहिणी, भाऊ, प्रत्येकाचा हिस्सा ठरलेला असतो. थोरल्या भावाची जबान त्याच्या हिश्श्यापुरती. बहीण सासरी गेली म्हणून तिचा हिस्सा भावाच्या खिशात जात नाही. तिने मुखत्यारपत्र दिलेले नसेल किंवा स्वतः होकार दिलेला नसेल तर भावाच्या तोंडी सौद्याने ती बांधली जात नाही. आम्ही ज्यांच्याशी सौदा केला त्यांना दोन बहिणी होत्या, हे आम्हाला वकिलांच्या प्रश्नानंतर आठवले. आम्ही फसलो खरे, पण त्या दोघींना विचारण्याचे आमच्याही मनात आले नव्हते, हेही कबूल केले पाहिजे.

वारसांत अज्ञान मूल असेल तर अधिकच जपावे. आई मुलांना वाढवते, पण मुस्लिम कायद्याप्रमाणे ती त्यांच्या मिळकतीची कायदेशीर पालक नसते. तिने कोर्टाच्या परवानगीशिवाय अज्ञानाच्या हिश्श्याची विक्री केली तर ती रद्दबातल होते, हे १९१८ साली प्रिव्ही कौन्सिलने इमामबंदी खटल्यात ठरवले आहे. थोरल्या भावाची गोष्टही तीच. यतिमाच्या हिश्श्याला हात लावण्याआधी जिल्हा न्यायालयातून परवानगी घेतली आहे का, हे पाहावे.

चौथा प्रश्न: पैसे दिल्याचा पुरावा काय?

रोख रकमेला तोंड नसते. मालकाने कोर्टात सांगितले, "हे पैसे मालाच्या जुन्या हिशोबाचे होते," किंवा "हातउसने घेतले होते," तर तुम्ही काय दाखवणार? साक्षीदार तर आमच्यासारखे निघतात: दलाल विसरतो आणि नातेवाईक आपल्या माणसाकडे जातो. म्हणून साक्षीदार निवडताना दोन्ही बाजूंशी पैशाचा संबंध नसलेला, गावात राहणारा, वयाने फार थकलेला नसेल असा माणूस घ्यावा. दिवाणी दावे वर्षानुवर्षे चालतात, साक्षीदार तोवर टिकला पाहिजे.

आता तर रोखीचा रस्ता कायद्यानेच बंद केला आहे. १ जून २०१५ पासून स्थावर मिळकतीच्या सौद्यात वीस हजार रुपये किंवा त्याहून अधिक बयाना रोखीने घेता येत नाही. घेणाऱ्याला तितक्याच रकमेचा दंड होऊ शकतो. एप्रिल २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने बंगळूरच्या एका जागेच्या खटल्यात याहून पुढचे पाऊल टाकले. तेथे पंचाहत्तर लाख रोख दिल्याचे सांगितले गेले होते. कोर्टाने आदेश दिला की ज्या दाव्यात दोन लाख किंवा त्याहून अधिक रोख दिल्याचे म्हटले असेल, त्याची माहिती न्यायालयाने आयकर खात्याला कळवावी. म्हणजे आज २०११ सारखा दावा घेऊन आम्ही कोर्टात गेलो तर करार सिद्ध होण्याआधीच दोन लाख कोठून आणले याचा जबाब द्यावा लागेल. बयाना चेकने, ड्राफ्टने किंवा बँकेतून ऑनलाइन द्यावा आणि बँकेच्या नोंदीत 'अमुक जागेचा बयाना' असे लिहावे. एवढी एक ओळ दहा साक्षीदारांचे काम करते.

मोबाइलवरचे संदेश हाही पुरावा आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे अशा नोंदींसोबत ठरावीक प्रमाणपत्र द्यावे लागते. सौदा मिटेपर्यंत संदेश पुसू नयेत आणि तो मोबाइल विकू नये.

पाचवा प्रश्न: बाकी पैसे तयार होते का? आणि इतके दिवस काय करत होता?

येथे खरा खरेदीदार आणि हौशा वेगळे होतात. स्पेसिफिक रिलीफ ॲक्टच्या कलम १६ प्रमाणे दावा लावणाऱ्याने आपला भाग पूर्ण करायला तो सदैव तयार आणि राजी होता हे सिद्ध करावे लागते. रोकड कोर्टात आणून दाखवण्याची गरज नाही, कोर्टाने हुकूम केला तरच रक्कम भरावी लागते. पण बँकेची शिल्लक, ठेव, कर्जाची मंजुरी, हिशोबाच्या वह्या, असे काहीतरी हवे. "देणारच होतो" एवढ्याने भागत नाही.

आणि तयारी बोलून दाखवावी लागते. १९९७ साली सुप्रीम कोर्टाने तामिळनाडूतील एका घराच्या दाव्यात, साठ हजारांच्या सौद्यात पाच हजार देऊन अडीच वर्षे गप्प बसलेल्या खरेदीदाराला पूर्तीचा हुकूम नाकारला. शहरात जागांचे भाव वाढत असतात, थोडा बयाना देऊन तुम्ही मालकाला बांधून ठेवू शकत नाही, असा त्याचा मतलब. हा निकाल जुन्या कलमांखालचा आहे, पण तयारीची अट आजही कायम आहे. मालकाने टाळाटाळ सुरू केली की पहिल्याच महिन्यात पत्र द्यावे, दुसऱ्या महिन्यात वकिलाची नोटीस. स्पीड पोस्टाने पाठवून पोच जपून ठेवावी. मालकाने उत्तर दिले तर उत्तम. नुसते "आणखी दोन महिने द्या" असे लिहिले तरी सौदा झाल्याची कबुली त्यात आली.

किल्ली हातात आली म्हणजे सगळे मिळाले नव्हे

काही जण म्हणतात, "कागद नसेना का, कब्जा आमचा आहे." कब्ज्याला संरक्षण देणारे कलम ५३-अ केवळ लेखी करारासाठी आहे, आणि २४ सप्टेंबर २००१ पासून तो करार नोंदवलेलाही लागतो. तोंडी सौद्यावर घेतलेल्या कब्ज्याला हे संरक्षण नाही. मात्र कब्जा अगदी निरुपयोगीही नाही. तुम्ही प्रत्यक्ष जागेत बसलेले असाल तर नंतर घेणारा "मला या सौद्याची खबर नव्हती" असे सहजी म्हणू शकत नाही. हे महत्त्वाचे का? कारण ज्याने पूर्ण किंमत देऊन, नेकीने, आधीच्या कराराची खबर नसताना जागा घेतली, त्याच्याविरुद्ध तुमचा करार चालत नाही. आमचा गाळा घेणाऱ्याला आमच्या सौद्याची खबर होती हे दाखवायला आमच्याकडे काही नव्हते. बयाना दिल्यावर आठवड्याच्या आत वर्तमानपत्रात जाहीर नोटीस दिली असती, तर चित्र वेगळे झाले असते.

बिल्डरकडून घ्यायच्या नव्या सदनिकेची बाब वेगळी आहे. २०१६ च्या रेरा कायद्याप्रमाणे लेखी व नोंदणीकृत करार केल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. तो मागत असेल तर तेथूनच परत फिरावे.

कोर्टात काय मागावे

दाव्यात एकच मागणी करून थांबू नये. करारपूर्ती करून खरेदीखत मिळावे, ही पहिली. दावा निकाली निघेपर्यंत मालकाने जागा दुसऱ्याला देऊ नये, असा मनाई हुकूम, ही दुसरी. आणि पूर्ती शक्य नसेल तर बयाना व्याजासह परत आणि नुकसानभरपाई, ही तिसरी. कलम २२ प्रमाणे बयान्याची रक्कम स्पष्ट मागितली नसेल तर कोर्ट ती आपणहून देत नाही. मागणी राहून गेली असेल तर दावा चालू असताना दुरुस्ती करून घेता येते. दुसऱ्याने जागा घेतली असेल तर त्यालाही दाव्यात सामील करावे. दावा लावल्याची नोटीस दुय्यम निबंधकांकडे नोंदवण्याविषयी वकिलांना जरूर विचारावे. बृहन्मुंबईतील मिळकतीला तर अशी नोंद असल्याशिवाय दाव्यादरम्यानच्या विक्रीविरुद्धचा नियम लागूच होत नाही.

हिबा तोंडी चालतो, मग विक्री का नाही?

हा प्रश्न आम्हाला दर वेळी विचारला जातो. हिबा म्हणजे बक्षीस. मुस्लिम कायद्याप्रमाणे देणाऱ्याने जाहीर करणे, घेणाऱ्याने कबूल करणे आणि कब्जा देणे, या तीन गोष्टी झाल्या की हिबा तोंडीही पूर्ण होतो. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १२९ ने ही सवलत मुस्लिमांच्या बक्षिसापुरती ठेवली आहे. विक्रीला ती नाही. पैसे घेऊन 'हिबा' लिहून देणे म्हणजे विक्रीला बुरखा घालणे आहे. पैशाची गोष्ट बाहेर आली की तो व्यवहार कोसळतो. आणि दीनच्या नावाने कागद टाळणाऱ्यांना एवढेच सांगावेसे वाटते की सूरह बकरहच्या २८२ व्या आयतीत मुदतीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा आणि साक्षीदार घेण्याचा आदेश आहे. कागद मागणे ही शंका नव्हे, शिस्त आहे.

एका कारागिराची चिठ्ठी

शेवटी आमच्या मोहल्ल्यातील एका लूम कारागिराची गोष्ट. तो चौथीपर्यंत शिकलेला. राहत्या खोलीशेजारची खोली घ्यायचे त्याने ठरवले. मालकाने त्यालाही "जबान दिली" म्हटले. याने हसत हसत मुलीच्या शाळेच्या वहीचे एक पान फाडले, तिच्याकडूनच चार ओळी लिहून घेतल्या, मालकाची सही घेतली आणि अकरा हजारांचा चेक दिला. वर्षभराने मालक फिरला. दावा लागला. वहीचे ते पान आणि बँकेची नोंद पाहून मालकाच्याच वकिलाने त्याला तडजोड करायला लावली आणि ठरलेल्या किमतीत खरेदीखत झाले. आम्ही दोन लाख देऊन हरलो. तो अकरा हजारांत जिंकला.

तशीच चिठ्ठी प्रत्येकाने सौद्याच्या दिवशीच करावी. तिच्यात एवढे असावे:

१. आजची तारीख आणि ठिकाण.
२. देणारे आणि घेणारे यांची पूर्ण नावे, सर्व वारसांसह.
३. जागेचा नंबर, क्षेत्रफळ आणि चतुःसीमा.
४. ठरलेली पूर्ण किंमत, दिलेला बयाना, चेक किंवा बँक व्यवहाराचा क्रमांक.
५. बाकी रक्कम देण्याची आणि खरेदीखताची नक्की तारीख.
६. कर, वीजबिल, भाडेकरू, कर्ज यांची जबाबदारी कोणाची.
७. दोघांच्या सह्या आणि दोन तटस्थ साक्षीदारांच्या सह्या.

पावतीवर एक रुपयाचे रेव्हेन्यू तिकीट लावावे आणि महिन्याच्या आत वकिलाकडून योग्य मुद्रांकावर रीतसर साठेखत करून नोंदवावे. कब्जा घेणार असाल तर महाराष्ट्रात त्या साठेखतावर खरेदीखताइतकेच मुद्रांक शुल्क लागते, हे आधीच हिशोबात धरावे.

तोंडी सौदा आधीच करून बसलेल्या बंधूंनीही हताश होऊ नये. आजच मालकाला एक साधे पत्र लिहावे: अमुक तारखेला अमुक जागेचा सौदा इतक्या रुपयांस ठरला, इतका बयाना दिला, बाकी रक्कम तयार आहे, खरेदीखताचा दिवस कळवा. पत्राची प्रत आणि पोच घरी जपावी. तीन वर्षांची मुदत चालू झाली आहे का, हे त्याच आठवड्यात वकिलाला विचारावे. आमच्याप्रमाणे पुढच्या ईदची वाट पाहू नये.